शेजारच्या फळ्या

मी आता जे सांगणार आहे ते कुणालाही खरं वाटणार नाही. आजवर कुणाला वाटलेलं नाही, आणि ज्या एक-दोघांना वाटलं त्यांच्या अकलेबद्दल मला शंका आहे. कोलशेतला मला थापाड्या गुणाजी म्हणतात. म्हणोत. मिठागरात चाळीस वर्षं उन्हात काढल्यावर माणसाजवळ दोनच गोष्टी उरतात, पायाच्या भेगा आणि जीभ.

तर त्या भेगांपायीच मी सत्तावन्न साली, चैत्रात, कल्याणला डॉक्टर ताम्हाण्यांच्या इस्पितळाच्या ओसरीवर बसलो होतो. टाचेतली एक भेग मिठाने चिघळली होती, दर मंगळवारी मलमपट्टी. बरोबर पहाऱ्याला माझी थोरली वहिनी, तुळसा. पहारा अशासाठी की त्याआधीच्या मंगळवारी टिंक्चरचा वास येताच मी फाटकातूनच परत फिरलो होतो आणि घरी सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले, एवढी सुंदर जखम बिघडवायला माझा हात धजत नाही. वहिनीने ते ऐकून घेतलं आणि पुढच्या मंगळवारी चपला घातल्या. ऊन तोंडावर येत होतं म्हणून ती पदर पार नाकापर्यंत ओढून, भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली.

बाकावर पलीकडे एक बाई होत्या. डोंबिवलीच्या, सुमतीबाई. नवरा शाळामास्तर, आत चार नंबरच्या खाटेवर. बाईंचा मुलगा आनंद, विशी-बाविशीचा, कुठल्याशा हापिसात नुकता चिकटलेला, खांबाला टेकून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ बघत होता. बाईंच्या हातात एक कागद होता. घडी घालायच्या, उलगडायच्या, परत घडी. कागद घडीवर फाटायला आला होता.

तो कागद मी लांबून ओळखला. सहीचा कागद.

दवाखान्याच्या बाकावर कुणाचं काही लपत नाही. अर्ध्या तासात मला कळलं होतं की मास्तरांच्या आतड्यात गाठ आहे, रोग यकृतापर्यंत पोचला आहे, आणि तरी डॉक्टर म्हणतात ती आतड्यातली गाठ काढू या. दुपारपर्यंत सही झाली तर उद्या सकाळी कापणार.

"सगळं निघणार नाहीच म्हणतात," बाई मुलाला म्हणाल्या. बहुधा दहाव्यांदा. "मग कापायचं तरी कशाला रे? नुसते हाल."

"आई, मी डॉक्टर आहे का? मला काय विचारतेस?"

"मग कुणाला विचारू? भिंतीला?"

आता खरं सांगतो. मी गप्प बसणार होतो. पण त्या बाई जे बोलल्या ना, ते शब्दन् शब्द, याच इस्पितळात, पाच वर्षांपूर्वी मी बोललो होतो. हा आखूड पायाचा बाक तेव्हाही असाच डुगडुगत होता. डॉक्टर माणसांचे कोथळे शिवतो, पण त्याला बाकाखाली एक चिपाड सारता येत नाही!

"बाई," मी म्हणालो, "तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझ्या भावाच्या पोटातून याच डॉक्टरने साडेचार शेराची गाठ काढली."

आनंदने घड्याळावरची नजर काढली. "साडेचार शेर? आतड्यात?"

"आतडं पण मोठं होतं."

"काका, आतडं केवढं असतं माहीत आहे का?"

"तू बघितलंयस?"

"नाही."

"मी बघितलंय. बरणीत. तेव्हा ऐक."

बाई हसल्या नाहीत, पण कागदाची घडी घालायच्या थांबल्या. मला तेवढं पुरे होतं.

माझा थोरला भाऊ दौलत होड्यांचा सुतार. कोलशेतपासून बाळकुमपर्यंत ज्या होडीत पाणी शिरायचं ती त्याच्यासमोर आडवी यायची. त्याची एक रीत होती, त्याच्या बापाची, म्हणजे माझ्याही बापाची. कुजलेली फळी काढली की ती आधी होडीच्या मालकासमोर ठेवायची. मालकाने ती स्वतःच्या हाताने मोडून बघायची. मग त्याच्यादेखत शेजारच्या फळ्या, या अंगाच्या आणि त्या अंगाच्या, ठोकून दाखवायच्या. चांगली फळी खणखण वाजते. आत कीड असली तर बद्द वाजते. दौलत म्हणायचा, "कुजकी काढणं काय, कोणी पण काढील. सुतार तो, जो शेजारची वाजवून दाखवतो."

बावन्नच्या पौषात दौलतच्या शौचाला रक्त पडू लागलं. ठाण्याच्या एका डॉक्टरने सांगितलं, मूळव्याध. पुड्या दिल्या. चार महिने पुड्या! मी दर आठवड्याला जाऊन विचारायचो, "डॉक्टर, उतार नाही." ते म्हणायचे, "तिखट बंद करा." तिखट बंद केलं. "सुकं बंद करा." सुकी मासळी बंद केली. कोलशेतात माणसाची मासळी बंद केली म्हणजे त्याला जिवंतपणी बाहेर काढल्यासारखं. शेवटी मी म्हणालो, आता श्वास तेवढा बंद करायचा राहिलाय. तर त्यांना राग आला. मला राग यायचा का त्यांना?

"मग?" बाईंनी विचारलं. "यांचं पण तसंच झालं. सहा महिने मूळव्याधच म्हणत होते."

"मग मुंबई."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात खालून खडूसारखं पांढरं पाणी भरून फोटो काढला. एक फार मोठे डॉक्टर आले, मागे पंधरा विद्यार्थी. त्यांनी दौलतच्या पोटावर डावा पंजा ठेवला आणि उजव्या बोटाने वर टकटक केलं. सगळ्या पोटावर, मग उजव्या बरगडीखाली. दौलत एवढा आजारी, पण हसला. मला म्हणाला, "गुणा, बघ रं, हे पण ठोकून बघतात! आपल्याच धंद्यातले."

मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांशी इंग्रजीत दहा मिनिटं बोलले. माझ्याशी मराठीत एकच वाक्य. "घरी न्या, आणि आवडेल ते खायला घाला."

आवडेल ते खायला घाला! ज्या माणसाला चार घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं फुगतं, जो कळ आली की दाराची चौकट धरून उभा राहतो, त्याला काय आवडेल ते घालायचं? मी त्यांच्या मागे जिना उतरलो, दुसरा जिना चढलो. म्हटलं, "साहेब, पण त्याला काय झालंय?" ते म्हणाले, "तुम्हाला समजणार नाही." मला समजणार नाही! अहो, मला भरतीची वेळ बांधाच्या वासावरून समजते.

"तुम्ही त्यांना तसं म्हणालात?" आनंदने विचारलं.

"म्हणालो. मग ते खाली बसले आणि माझी माफी मागितली."

"काका."

"बरं, नाही मागितली. पण मागायला पाहिजे होती की नाही?"

"होती," सुमतीबाई म्हणाल्या. एवढ्या जोरात की आतून नर्सने डोकावून बघितलं.

मग कुणीतरी कल्याणच्या या ताम्हाण्यांचं नाव सांगितलं. तेव्हा ते विलायतेहून शिकून नुकतेच आले होते, मिशीसुद्धा धड नव्हती. पण त्यांनी मला खुर्ची दिली आणि दार लोटून सांगितलं. आतड्यात गाठ आहे. वाईट गाठ. तिथून रोग यकृतात गेलाय. यकृतातलं मला काढता येणार नाही, कुणालाच येणार नाही. पण आतड्यातली गाठ रस्ता बुजवत चाललीय. महिनाभरात पुरता बुजेल, आणि मग जे होईल ते फार वाईट.

मी म्हणालो, "सगळं निघणारच नाही, तर कापायचं कशाला?"

ते म्हणाले, "तुम्ही काय काम करता?" म्हटलं, मिठागरात. "खाडीचं पाणी आत-बाहेर करायला तुमच्या बांधाला झडप असते ना? तिच्यात ओंडका अडकला तर?"

"तर बांध फुटतो."

"मग आत मीठ चांगलं आहे की बिघडलेलं, हे बघत बसता, की आधी ओंडका काढता?"

माणूस विलायतेला जाऊन एवढं शहाणपण घेऊन येतो आणि बाकाखाली चिपाड घालत नाही, हे मला अजून उमगत नाही.

"मग तुम्ही लगेच सही केलीत?" बाईंनी विचारलं.

आता इथे मी थाप मारायला हवी होती. तोंडावर आली पण होती. पण कागद त्यांच्या हातात होता.

"नाही," मी म्हणालो. "तीन दिवस तो कागद खिशात घालून हिंडलो. शहाडला बहीण दिली होती, तिला विचारायला गेलो. ती म्हणाली, कापू नका. मेव्हणा म्हणाला, कापा. परत आलो तर भगत म्हणाला, अमावास्या होऊ दे. घरी वहिनी म्हणाली, सही करा. तिच्यावरच ओरडलो, तुला काय कळतं म्हणून. तिसऱ्या दिवशी दौलतला उलट्या सुरू झाल्या. हिरव्या. बैलगाडीत घालून आणला. डॉक्टरांनी माझ्याकडे नुसता हात पुढे केला, कागदासाठी. खिशात घामाने त्याचा लगदा झाला होता. दुसरा दिला. त्यावर सही केली."

वहिनी हलली. पदराआडून खोकली. मला वाटलं, झोपेत.

जरा जास्तच खरं बोलून गेलो होतो, म्हणून मग चव बदलायला मी रक्ताची गोष्ट सांगितली. दौलतला रक्त लागणार होतं, माझं जुळलं. एक बाटली काढायची तर मी तीन दिल्या, आणि नर्स बाटल्या मोजत असताना बाहेर जाऊन उभ्या गाडीतल्या मिठाच्या अकरा गोण्या उतरवल्या.

"कल्याणात मिठाच्या गोण्या कुठून आल्या?" आनंद.

"मी आणल्या होत्या. डॉक्टरांना भेट."

"अकरा गोण्या मीठ?"

"मोठं खटलं आहे त्यांच्या घरी."

या वेळी बाई हसल्या. तोंडाला पदर लावून, पण हसल्या. आनंदसुद्धा खांब सोडून बाकाच्या कडेला टेकला, आणि बाक त्याच्या बाजूला कलला.

ऑपरेशन तीन तास चाललं. श्रावण होता. डॉक्टर बाहेर आले तेव्हा कपाळाला टोपीचा वळ पडला होता. म्हणाले, "गाठ निघाली. आतड्याची टोकं जोडलीत. रस्ता मोकळा झालाय." मी म्हणालो, "आणि यकृत?" ते म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं. गाठी हाताला लागल्या. लहानमोठ्या, दोन्ही बाजूंना. तशाच ठेवल्या."

मला इतका संताप आला. कुणाचा, ते विचारू नका. तीन तास पोट उघडं होतं, हातात सुरी होती, डोळ्यांना दिसत होतं, आणि तसंच ठेवून शिवलं! मी म्हणालो, "मग तुम्ही केलंत काय?" ते म्हणाले, "आठ दिवसांनी त्याला जेवताना बघा." आणि हातपाय धुवायला निघून गेले. भांडायला सुद्धा कुणी थांबत नाही.

गाठ त्यांनी औषधाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत घातली होती. मुंबईला तपासायला न्यायची. नेणार कोण? मी. टांग्यात बरणी मांडीवर घेऊन बसलो, वर फडकं. टांगेवाला म्हणाला, "लोणचं का, बाबा?" म्हटलं, "हो. फार मुरलंय."

"शी!" सुमतीबाई म्हणाल्या, पण पुढे सरकल्या.

पण टांग्याच्या आधी दौलत. तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर धड आला आणि पहिला प्रश्न, "फळी कुठंय?" नर्स म्हणाली, काय म्हणतात हे? मी म्हणालो, गाठ बघायचीय त्यांना. ती नको म्हणाली, डॉक्टर हो म्हणाले. मी बरणी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. खिडकीकडे, उजेडात. दौलतने फार वेळ बघितलं. जशी होडीची फळी बघायचा तशी, एक डोळा मिटून. म्हणाला, "चांगलीच कुजलेली हाय." मग बरणीवर बोट आपटलं आणि मला विचारलं,

"आणि गुणा, शेजारच्या फळ्या?"

इथे मी थांबलो. पाणी प्यायलो.

"मग? तुम्ही काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"म्हटलं, सगळ्या ठोकून बघितल्या. खणखणीत."

आत कुणाची तरी खाट करकरली. बाईंनी कागद उलगडला, मांडीवर सपाट केला, पण सहीच्या जागेकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

"पण यकृतातलं? ते तर तसंच होतं ना? त्याचं पुढे काय झालं?"

बारा वाजायला दहा मिनिटं होती. आनंदच्या मनगटावर मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांपुढे तो खिशातला लगदा आला. बैलगाडीच्या फळ्यांवरून ओघळणारं हिरवं पाणी आलं. मला त्या बाईंचा राग आला, स्वतःचा आला, त्या डुगडुगणाऱ्या बाकाचा आला. कर ना बाई सही! किती बघशील? या दुनियेत खऱ्याने कुणाचा हात हलतो का? मिठागराच्या मालकापासून देवाच्या भगतापर्यंत सगळ्यांना मी थापेनेच हलवत आलो होतो.

"विरघळलं," मी म्हणालो.

"विरघळलं?"

"थोरली गाठ काढली की पिल्लं उपाशी पडतात. आईच नाही, तर दूध कुठून? दोन महिन्यांत यकृत आरशासारखं. डॉक्टरांनी स्वतः ठोकून बघितलं आणि बेशुद्ध पडले. त्यांना कांदा हुंगवावा लागला."

"डॉक्टर आम्हाला असं काही म्हणाले नाहीत," आनंद म्हणाला. पण हळू आवाजात. त्यालाही ते खरं व्हायला हवं होतं.

"डॉक्टर कशाला सांगतील? सांगितलं तर रोज रांग लागेल."

"आणि आता?" बाईंचा आवाज चिरकला. "आता कसे आहेत ते?"

"कसा म्हणजे? आता, या घडीला, तो कोलशेतच्या बंदरावर काळुरामच्या होडीला रंधा मारतोय. सकाळी निघताना मला म्हणाला, गुणा, येताना कल्याणहून खिळे आण. आडदांड झालाय. एका बैठकीला बारा भाकऱ्या खातो, वहिनी थापून थापून दमते. विचारा पाहिजे तर, ही काय बसलीय. त्याचीच बायको."

बाईंनी आनंदपुढे हात केला. आनंदने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, त्यांच्या हातात दिलं.

तेवढ्यात वहिनी सरळ बसली. तिने नाकापर्यंत ओढलेला पदर दोन्ही हातांनी मागे सारला, पार डोक्यावरून खांद्यावर. उन्हात तिचं कपाळ उघडं पडलं. कोरं. मनगटं पण.

"भावजी," ती म्हणाली, "मंग हे कपाळ मी कुणासाठी पुसलं?"

मी खाली वाकून टाचेची पट्टी चाचपू लागलो.

"खोटं सांगतात हे," वहिनी सुमतीबाईंना म्हणाली. आवाज चढवला नाही, पण ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "विरघळलं काय नाय. श्रावणात कापलं, शिमग्याला गेले. सात महिने. आणि ती फळीची थाप पण माझ्या घरधन्यांना नाय पटली. बरणी बघितली, हे भावजी टांगा आणायला गेले, आणि त्यांनी आपल्याच बरगडीखाली बोटाने ठोकलं. मला म्हणाले, तुळसा, इथं बद्द वाजतंय. गुणाला सांगू नको, तो लय खुशीत हाय."

वहिनीने बाईंच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. सहीच्या जागी नाही, जरा बाजूला.

"पण त्या सात महिन्यांत उलटी नाय झाली एक पण. कळ नाय. दिवाळीपर्यंत रंधा मारला, बसून बसून. शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या हातचं जेवले. बारा नाय, दीड भाकरी. आणि सुकं. एवढंच मिळतं. एवढ्यासाठी करायची असेल तर कर सही, बाई. यांच्या थापेवर नको करू."